तुमची सिगारेट आणि माझी ही

अप्पा, तुम्हांला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच मी तुमच्याशी सिगारेटबद्दल बोलतेय. तुम्ही असताना तो विषय आईचा होता. ती भांडायची, मी ऐकायचे. डोंबिवलीच्या त्या घरात मोरीच्या खिडकीशी उभं राहून तुम्ही सकाळची पहिली ओढायचात. कंपनीतल्या रंगाचा आणि सिगारेटचा, असे दोन वास तुमच्या शर्टाला असायचे, म्हणून आई तो वेगळा भिजवायची. मी बी.एस्सी.ला असताना तुमच्या खिशातली एक काढून त्याच खिडकीशी पेटवली. दोन झुरक्यांत डोळ्यांतून पाणी आलं, मळमळायला लागलं, आणि मागे वळून बघते तर तुम्ही. वाटलं, आता थोबाडीत बसणार. तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत, नळाखाली विझवलीत आणि म्हणालात, "मला सोडता आली असती ना, तर आज तुला चांगला ओरडलो असतो." त्यानंतर मी कधी सिगारेट ओढली नाही. तुमच्या त्या बोलण्यामुळे, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मला ती आवडलीच नव्हती. घशाला चरचर, केसांना वास, आणि मुलीच्या जातीने ओढायची तरी कुठे?

तुम्ही एकदा सोडली होतीत, अकरा दिवस. तोंडात सतत लवंग, जेवताना ताटावरून उठून जायचात. बाराव्या दिवशी आईच म्हणाली, "जा हो, एक ओढून या. बघवत नाही तुमच्याकडे." तुम्ही चप्पल न घालता जिना उतरलात. मला तेव्हा तुमचा राग आला होता. पुढे मी एक्स-रे काढायचं शिकले, कल्याणच्या एका सेंटरमध्ये लागले, आणि तुमच्या छातीचा शेवटचा एक्स-रे मीच काढला. "श्वास घ्या, धरा," मी काचेमागून म्हणाले. "धरवत नाही गं," तुम्ही म्हणालात. तीनदा काढावा लागला. डॉक्टरांच्या आधी मला कळलं होतं. तेव्हाही दुःखाच्या आधी रागच आला.

आता तुमची नात एकोणीस वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात आणि त्याच वर्षी ती झाली. ठाण्याला कॉलेजला जाते. आम्ही वर्तकनगरला राहतो. मागच्या वर्षी तिची जीन्स मशीनमध्ये टाकताना खिशातून एक चपटी, गुलाबी, पेन ड्राइव्हसारखी वस्तू निघाली. नाकाशी नेली तर लिचीचा वास. मी तिच्यासमोर धरली, तर म्हणते, "आई, प्लीज सीन करू नकोस. ही सिगारेट नाहीये."

"मग काय आहे?"

"व्हेप. धूर नाही, राख नाही. सिगारेट किती घाण असते, तुलाच माहितीये ना, आजोबांचं."

"बंदी आहे ना यावर?"

"मिळते गं. सगळ्यांकडे असते. मी कधीही सोडू शकते."

मी ती काढून घेतली. तिसऱ्या दिवशी ती माझ्या पाया पडायला आली, अप्पा, खरोखर पाया. "परीक्षेपर्यंत दे ना. मला काहीच वाचता येत नाहीये." मी दिली नाही. आमच्याकडे येणाऱ्या छातीच्या डॉक्टरांना मी विचारलं, सिगारेटपेक्षा याचं व्यसन जास्त लागतं का? ते म्हणाले, "दोन्हीत निकोटिनच. कशात किती आणि कोण किती ओढतो, त्यावर आहे. पण सिगारेट विझते. ही विझत नाही, त्यामुळे किती झाली ते ओढणाऱ्यालाही कळत नाही. कुणासाठी विचारताय?" "मुलीसाठी," मी म्हणाले. ते खरं होतं. महिनाभर ती रडली, चिडली, नखं खाल्ली, आणि सुटली. तुम्हांला जे जमलं नाही ते पोरीने करून दाखवलं.

वस्तू मात्र मी टाकली नव्हती. एका दुपारी घरात कोणी नसताना कपाटातून काढली. मुलगी जिच्यासाठी पाया पडते ती चीज आहे तरी काय, बघू. ठसका नाही, मळमळ नाही. डोक्यात थोडं हलकं, गोड वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. ती संपली तेव्हा कॉलेजजवळच्या मोबाइल कव्हरच्या दुकानात मी स्वतः गेले. दुकानदार म्हणाला, "काकू, मुलासाठी?" मी म्हणाले, "मुलीसाठी."

तुम्हांला खाली उतरावं लागायचं, माचीस लागायची, आईचं तोंड बघावं लागायचं. मला काही लागत नाही. बाथरूममध्ये, लिफ्टमध्ये, सेंटरमध्ये काचेमागे. दिवसात किती, मला सांगता येणार नाही. गेल्या महिन्यात एक आजोबा एक्स-रेला आले. मी म्हटलं, "श्वास घ्या, धरा." बटण दाबलं आणि खाली वाकून एक झुरका घेतला. मग आणखी एक. मान वर केली तर ते अजून तसेच, छाती प्लेटला टेकवून, मान ताणलेली, लालबुंद. "सोडू का, ताई?" त्यांनी कसंबसं विचारलं. "सोडा, सोडा," मी ओरडले. ते खोकत खाली बसले आणि मलाच म्हणाले, "माझंच चुकलं असेल. कमी ऐकू येतं मला." मी त्यांना पाणी दिलं. सॉरी म्हणाले नाही.

काल संध्याकाळी यांना घरात लिचीचा वास आला. हे सरळ मुलीच्या खोलीत गेले. "पुन्हा सुरू केलंस? आईने एवढं केलं तुझ्यासाठी, लाज नाही वाटत?" तिचं सगळं दप्तर पलंगावर उलटं केलं. मी दारात उभी होते. तिने आधी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाहिलं तेव्हाच मला कळलं, तिला केव्हाचं माहीत आहे. "सॉरी बाबा," ती म्हणाली, आणि वह्या गोळा करायला लागली. मीही वाकले आणि दोन वह्या उचलून दिल्या. तिने त्या माझ्या हातातून घेतल्या नाहीत, पलंगावर ठेवायला खुणेने सांगितलं.

हे पत्र कुठे जायचं नाही, ते मला माहीत आहे. आणि जे तुम्हांला लिहिलंय ते तिला सांगायचं होतं. ती पलीकडच्या खोलीत अभ्यास करतेय, दार उघडं आहे. तुम्ही काही बोलणार नाही, म्हणून तुम्हांला लिहीत बसले.