निळा डबा आणि माल मिळणाऱ्याचं नाव

३ ऑक्टोबर
न पाहिलेल्या मालावर सह्या ठोकून पोट भरणाऱ्या तमाम मालवाहतूक एजंटांनो! माल दुसऱ्याचा, जहाज तिसऱ्याचं आणि फासात मान मात्र आपली, हे अजून किती वर्षं चालायचं?
हे भाषण आज मी नव्या खोलीतल्या आरशासमोर केलं. जुन्या बंदरावर संघटनेच्या सभेत हेच बोललो, तेव्हा टाळ्या कडाडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तेच टाळ्यावाले डोळे मिटून शिक्के मारत बसले. मेंढरं! म्हणून ते बंदर सोडलं. इथली खोली ऐसपैस आहे, पलंग कुरकुरत नाही, आणि ऑफिसच्या खिडकीतून थेट धक्का दिसतो. मन प्रसन्न आहे. इथे तरी कणा असलेली माणसं भेटतील.

५ ऑक्टोबर
नाही भेटली. मॅनेजर म्हणजे टाय घातलेली उशी. कुठेही दाबा, तिथे खळगा पडतो. कागदपत्रं टाइप करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. बोटं न थांबवता त्या जगाची निंदा करतात. या ऑफिसात तेवढंच काय ते जिवंत काम.
कंटेनरला इथे नुसतं डबा म्हणतात. डबा सीलबंद येतो. आत काय आहे ते पाठवणारा सांगतो, आम्ही लिहितो आणि खाली सही करतो. आत कोणी डोकावत नाही. त्यावर इथली खास रीत अशी की ज्या डब्याला घेणाराच कोणी नाही, त्याच्या कागदावर माल मिळणाऱ्याच्या रकान्यात एजंटाने स्वतःचं नाव लिहायचं. कागद पुरा झाला की डबा पुढच्या जहाजावर चढतो आणि यार्डातली जागा मोकळी होते. ही रीत कोणाच्या बापाने पाडली, असं मी विचारलं. मावशी म्हणाल्या, बापाने नाही रे बाबा, कंटाळ्याने.

९ ऑक्टोबर
तसा एक डबा आज आला. निळा, पोचे पडलेला. काटेवाला, म्हणजे वजनकाट्यावरचा माणूस, त्याला पाहुणा म्हणतो, कारण कुठेही पाठवा, फिरून येतोच. मी ठणकावलं, उघडून बघितल्याशिवाय सही नाही. वीस मिनिटं बोललो. यार्ड गोळा झालं. शेवटी मॅनेजर जांभई गिळत म्हणाला की वा, काय आवाज लावता हो, पण जहाज सुटायला अर्धा तास उरलाय, तेव्हा भाषण आटोपलं असेल तर सही घ्यावी म्हणतो. सगळे हसले.
मीही हसलो. आणि रकान्यात माझं नाव लिहिलं. खाली दोन रेघा ओढून पल्लेदार सही केली.
मेंढरांत आणखी एक.

१९ ऑक्टोबर
पाहुणा परत आला. टेबलावर छापील सूचना होती, आपला माल आला आहे, ताब्यात घ्यावा. मी ती फाडली. काटेवाल्याने उगाच विचारलं की साहेब, तुमचं वजन किती असेल? बहात्तर, मी म्हटलं. तो माझ्याकडे न बघता निघून गेला.

२० ऑक्टोबर
जुने कागद उपसले. त्या डब्यावर माझ्याआधी चार नावं आहेत. चौघेही माझ्याच खुर्चीत बसलेले एजंट. प्रत्येकाच्या नावापुढे 'ताब्यात घेतला' असा शेरा, आणि पुढच्या फेरीला डब्याचं वजन वाढलेलं. एकसष्ट किलो. ब्याऐंशी. चोपन्न. एकोणसत्तर. सील मात्र पहिल्या दिवसापासून एकच, नंबरसुद्धा तोच.
मावशींना विचारलं. चोपन्नवाला काडीसारखा होता म्हणे, दुसरीकडे नोकरी लागली असेल. मग त्याचा चष्मा अजून माझ्या टेबलावर कसा, मी विचारलं. त्या टाइप करत राहिल्या.

२१ ऑक्टोबर
भर दुपारी निळ्या पत्र्याला कान लावला. आतून आवाज. ठप्. ठप्. ठप्.
शिक्क्याचा आवाज मी बावीस वर्षं ऐकतोय. म्हणजे आत बसूनही ते चौघे नंदीबैल शिक्केच मारताहेत! थुंकलो आणि परतलो.


२२ ऑक्टोबर
मॅनेजरची कॉलर धरली. त्याने शांतपणे सांगितलं की उद्यापर्यंत रकान्यात दुसरं नाव घाला, सुटाल. तुमच्या धाकट्या भावाला पत्र गेलंय, सोमवारी तुमच्या हाताखाली रुजू होतोय. त्याचंच घाला की. सख्खा आहे, नाही म्हणायचा नाही.
धाकट्याला मी हात धरून लिहायला शिकवलं. त्याचं नाव त्या रकान्यात? या हाताने? मेलो तरी नाही.
उद्या सकाळी मोठी कातर घेऊन जाणार. सील तोडणार. सगळ्यांसमोर.

२३ ऑक्टोबर, सकाळ
कातर घेतली. सगळे लांब उभे. एकही पुढे येत नाही. थू —
सीलला पातं लावलं आणि —

२३ — बहुतेक
अंधार. चाचपडत लिहितोय. कातर हातातच आहे. सील बाहेर आहे.

चौघे इथे आहेत. शिक्का कोणाकडेच नाही. मुठी. दारावर मुठी आपटताहेत, केव्हापासून — आणि मी बाहेर उभा राहून —

चोपन्नवाला सांगतो, त्याला बहिणीचं नाव सुचवलं होतं. ब्याऐंशीवाल्याला मुलाचं. चौघांपैकी एकानेही लिहिलं नाही. एकानेही नाही. आणि मी त्यांना — मेंढरं —

डबा काट्यावर चढवला. काटेवाला बाहेर ओरडला, बहात्तर जास्त! मॅनेजर म्हणाला, लिही.

सोमवारी धाकटा त्या खुर्चीत बसेल. पाहुणा परत येईल. तोही पत्र्याला कान लावेल आणि —

दाराखालच्या रबराला फट आहे, वही जेमतेम जाईल. ज्याच्या हाती पडेल त्याने — सही मागतील, करू — नाही, ते नंतर — आधी कातर घ्या — बाहेरून — सील तोडा, आत्ता, सील तो