घाम फुटलेल्या बाटल्या

१५ एप्रिल १९७४, सोमवार
आलो एकदाचा सोलापुरात! पुण्यात चार वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काचा धुतल्या, आता या दवाखान्याच्या प्रयोगशाळेचा मीच राजा. राज्य म्हणजे वॉर्डाशेजारची दीड खोली, एक सूक्ष्मदर्शक, जंतू उबवायचा इनक्युबेटर आणि कपाटाएवढा फ्रिज. प्रजा एकच, शिपाई धोंडीराम. पन्नाशीचा, मिशाळ, टेबल दिवसातून चारदा पुसणारा. आल्याआल्या त्याने कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली आणि मी खाईपर्यंत हलला नाही. शर्ट पिळून काढावा असा घाम, पण मजा वाटतेय.

१८ एप्रिल
पहिलं मोठं काम. कुंभारीच्या कामगार वस्तीतली सहा वर्षांची मुलगी. ताप, ओकाऱ्या, मान ताठ, मग बेशुद्ध. पाठीतलं पाणी काढून माझ्याकडे पाठवलं, तांदळाच्या पेजेसारखं गढूळ. इथे उन्हाळा असा की बाटलीलासुद्धा बाहेरून घाम फुटला होता! थेंब रंगवून पाहिला तर जोडीजोडीने चिकटलेले घेवड्याच्या बियांसारखे जंतू. मेंदूच्या आवरणाचा ताप, दुसरं काय? हा खोकल्या-शिंकांतून घरभर पसरतो. जंतू वाढवायला रक्त तापवून केलेल्या चॉकलेटी प्लेटवर थेंब पसरवला, बरणीत मेणबत्ती पेटवून झाकण लावलं, म्हणजे ती विझताना या जंतूंना हवी तशी हवा तयार होते. आता दोन दिवस थांबायचं.

२० एप्रिल
प्लेट कोरी. एक ठिपका नाही. मुलगी काल दुपारीच गेली. दवाखान्याचे प्रमुख डॉ. वीरभद्रप्पा अंकलगे यांनी मृत्यूच्या कागदावर 'ऊन लागणे' लिहिलं. मी जंतू दिसल्याचं सांगितलं तर हसले. म्हणाले, वेणीमाधवराव, मेलेले जंतू काचेवरही असतात, रंगातही असतात. वाढवून दाखवा, मग बोला.

२४ एप्रिल
त्याच वस्तीतली आणखी दोन मुलं. दोन्ही पाणी गढूळ, दोन्हीत तेच जंतू, दोन्ही प्लेटा कोऱ्या! रक्त बदललं, भांडी पुन्हा उकळली, थर्मामीटर तपासला. नेमकं चुकतंय काय? पुण्यात हे माझ्या हाताखालून डझनांनी वाढलेत. डॉक्टर पुन्हा म्हणाले ऊन. अहो, ऊन काय एकाच चाळीत पडतं का?
वस्तीतल्या प्रत्येकाला सल्फाच्या गोळ्या दिल्या तर हे थांबेल. गोळ्या आरोग्य खात्याकडे आहेत, खातं डॉक्टरांचं पत्र मागतं, डॉक्टर माझी प्लेट मागतात. स्वतः औषधाच्या दुकानात गेलो. चिठ्ठीशिवाय इतक्या गोळ्या मिळणार नाहीत म्हणाले. डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

२६ एप्रिल
पहिल्या मुलीची आई चंद्रव्वा दारात येऊन बसली होती. कडेवर धाकटी, दोन वर्षांची, ठणठणीत. माझ्या टेबलावरचं रबरी बूच घेऊन खेळत होती. मी चंद्रव्वाला सांगितलं, हा आजार श्वासातून लागतो, आजारी पोरांजवळ हिला झोपवू नको. ती शांतपणे म्हणाली, "मग कुटं झोपवू, साहेब? खोली एकच हाय. जावेचं पोर बी त्यातच खोकतंय."
दोन दिवसांत रिपोर्ट देतो, गोळ्या मिळवून देतो, असा शब्द देऊन बसलो. कशाच्या जोरावर दिला, देव जाणे.

२९ एप्रिल
सापडलं! सकाळी आणखी एक बाटली आली, तिलाही घाम. हातात धरली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. बाटलीला घाम फुटतो तो ती गार असली तरच! हे जंतू थंडीत मरतात. वॉर्डात पाणी काढतात संध्याकाळी, मी खोली बंद करून गेल्यावर. धोंडीरामकडे किल्ली. तो रात्रभर बाटली फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सकाळी मला आणून द्यायचा. मी भांड भांड भांडलो. म्हातारा रडवेला झाला. "उन्हात दूध नासतंय की, साहेब. हे तर लेकराच्या पाठीतलं पानी. लई जपून ठिवलं हुतं मी."
इथे चांगल्या घरात जे करतात तेच त्याने केलं. मीही कधी विचारलं नाही, बाटलीच्या घामावर विनोद करत बसलो.
दुपारी चंद्रव्वाच्या जावेच्या पोराला आणलं. मी स्वतः वॉर्डात उभा राहिलो, बाटली मुठीत गरम धरून पळत आलो. घाईत पिपेटची काचेची नळी तोंडाने जोरात ओढली आणि पाणी जिभेवर आलं. खारट. थुंकलो, चूळ भरली. तोंडाने ओढायची हीच सगळीकडची पद्धत, एखादा घोट जातोच. फ्रिजवर 'पाठीतलं पाणी ठेवू नये' अशी पाटी लावायची आहे. उद्या.

१ मे
वाढले! दवबिंदूंसारखे करडे, चकचकीत ठिपके. धोंडीरामने प्लेटीला हात जोडले. मी नाचायचाच बाकी होतो.
डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. म्हणाले, एका प्लेटवर भरवसा नाही, हवेतूनही काही पडतं. आणखी एका रुग्णात हेच दाखवा, त्याच दिवशी पत्र देतो. मी टेबलावर मूठ आपटली. ते शांतपणे उठून गेले. जावेचं पोर काल रात्री गेलं.
पाटी राहिलीच.

३ मे
धोंडीराम भाचीच्या लग्नाला वळसंगला गेला. नवा रुग्ण नाही. वाट तरी कशाची बघतोय मी! कुणाचं तरी पोर आजारी पडावं म्हणून?
डोकं दुखतंय. ऊन असेल.
काय लिहिलं मी हे. ऊन!

४ मे, सकाळ
दोनदा ओकलो. खिडकीतला उजेड सुईसारखा टोचतो. शर्ट घालताना हनुवटी छातीला लागेना. तीनदा प्रयत्न केला. लागत नाही.
जिभेवर अजून ती खारट चव येते—

दुपार
वॉर्डात. वही उभी धरून लिहितोय, मान वाकत नाही. मांडीवर जांभळे ठिपके. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं, आल्यापासून उन्हात पळतोय पोरगा. डोक्यावर बर्फ. मी हात जोडले, पाठीतलं पाणी काढा म्हणालो. दुसरा रुग्ण मिळाला ना तुम्हाला. मीच.
काढतो म्हणाले.

चार वाजता
काढलं. बाटली पाहिली. पेजेसारखं गढूळ. भीती वाटते. आईला कुणी कळवलं का—
दाराशी चंद्रव्वा. रिपोर्ट विचारायला आलीय. धाकटीच्या हातात माझं बूच. दोनदा खोकली ती. माझ्या या बाटलीवर तिच्या गोळ्या—
प्लेट मेणबत्तीच्या बरणीत— बाटली मुठीत गरम धरून न्या— कुणाला सांगू, धोंडीराम नाही—

बदलीची सिस्टर आहे. बाटली तिच्या हातात. जीभ जड झालीय, शब्द फुटत नाही. लिहून दाखवतो तिला, थांब बाई—
ती चंद्रव्वाकडे बघून हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काळजी करू नका, भाऊ. नासू देत नाही. थंड जागी ठेवते."

नको थंड

फ्रिजचं दार उघडल्याचा आवा