नऊ मिलिमीटर

६ जानेवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार वाकून घालायचा होता, पण तीन महिने टेबलावर वाकून मान धरली आहे. तेव्हा उभ्यानेच घालते, गोड मानून घे.

सोबतच्या खोक्यात आमचा कार्ड रीडर आहे. जाडी नऊ मिलिमीटर! एकाच फटीत दोन्ही कामं. कार्डाच्या पाठीवरची काळी मॅग्नेटिक पट्टी खालचं हेड वाचतं, आणि कार्ड आत टेकलं की वरून चिपवर आठ टोकं बसतात. घरोघरी जाणाऱ्या नर्सबाईंसाठी केलाय. जुन्या पेशंटकडे पट्टीची कार्डं, नव्यांकडे चिपची, आणि बाईंच्या पिशवीत आधीच बीपीचं यंत्र, सुया, कापूस. दोन-दोन रीडर कुठे कोंबणार बिचाऱ्या? कार्ड सरकवलं की कोणतं औषध, किती द्यायचं, सगळं पडद्यावर.

जागा वाचवायला कार्ड दाबून धरणारा रबरी रोलर मी काढला आणि पातळ पत्र्याची स्प्रिंग दिली. नवी कोरी दोनशे कार्डं घालून पाहिली, सगळी वाचली. आमच्या सात माणसांच्या कंपनीत सगळे टाळ्या वाजवताहेत. मला टाळ्या नकोत. सोल्डरिंग तू शिकवलंस, वीस वर्षं तू हेच काम करतोयस. यात काय चुकलंय ते तूच सांगशील. महिनाअखेरीला साचे टाकायचे आहेत, मग काही बदलता येणार नाही, त्याआधी कळव.

फोन नको. फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. वहिनींना नमस्कार.

तुझी माया नऊ मिलिमीटरपेक्षा जाड आहे हे धरून चालणारी,
बारकी

२२ जानेवारी

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. खोकं पोचलं. उत्तराला उशीर झाला, कामं होती.

तुमचा रीडर आमच्या साहेबांनी प्रदर्शनात आधीच पाहिला होता. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि चार वर्षांपूर्वीचा माझा अहवाल पुढे टाकला. पट्टी आणि चिप दोन्ही वाचणारा रीडर चौदा मिलिमीटरच्या खाली जाणं अशक्य, असं त्यात माझ्या सहीनिशी लिहिलंय. साहेब म्हणाले, घरातच एवढं डोकं होतं तर निदान विचारून तरी यायचं. सगळे हसले. मीही हसलो. जबडा संध्याकाळपर्यंत दुखत होता.

कॅन्टीनमध्ये आता मला बारकीचा भाऊ म्हणतात. वीस वर्षं इथे घासल्यावर ही ओळख मिळाली. असो. तू मनाला लावून घेऊ नकोस.

रीडर सुरेख आहे. फट गुळगुळीत, टोकं नेमकी. मला खोट काढायला जागा सापडली नाही. साचे टाकायला हरकत नाही.

तुझ्या यशात नात्यापुरता का होईना वाटेकरी,
दादा

३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी उभ्या उभ्या तीनदा वाचलं. शेवटच्या चार ओळी आमच्या कंपनीच्या मालकीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवल्या आणि मग टेबलाच्या काचेखाली ठेवल्या. लहानपणी माझी चित्रकलेची वही बघून तू म्हणायचास की हा घोडा आहे की स्टूल? त्या माणसाला खोट सापडत नाही म्हणजे काय!

साचे टाकले. मार्चपासून चाचणी आहे, तीही तुमच्याच गावात. चाळीस नर्सना एकेक रीडर मिळणार. एखादी दारात आली तर तिला माझं नाव सांगून मिरव हो थोडं.

साहेबांचं बोलणं वाचून वाईट वाटलं. खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. आजवर मीच सगळीकडे तुझी बहीण होते.

एवढं वाचूनही न रागावणाऱ्या भावाची,
बारकी

१८ एप्रिल

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमच्या रीडरबद्दल काल कळलं आणि जीव थोडा थोडा झाला. आमच्या गल्लीत येणाऱ्या नर्सबाई सांगत होत्या की चिपची कार्डं छान चालतात, पण पट्टीची दहातली चार वाचतच नाहीत. वाकलेलं कार्ड घातलं की लाल दिवा लागतो. मागच्या गल्लीत एक म्हाताऱ्या शिवणकामवाल्या बाई राहतात. रोज इन्शुलिनची सुई घेऊन मगच जेवायचं, असा त्यांचा नेम. डॉक्टरांनी मात्रा बदललेली होती आणि कार्ड काही वाचेना. नर्सबाई दवाखान्यापर्यंत जाऊन विचारून येईतो त्या तीन तास उपाशी बसल्या. भिंतीचा आधार घेत दार उघडलं म्हणे त्यांनी.

चाचणी थांबवलीय असंही ऐकलं. तुम्ही धीर सोडू नका. मला यातलं काही कळत नाही, पण एक आठवलं ते लिहिते. तुमचं खोकं आलं त्या रविवारी हे घरातली सगळी जुनी कार्डं काढून बसले होते. माझं दवाखान्याचं कार्ड पर्समध्ये राहून पन्हळीसारखं वाकलंय. ते ह्यांनी चार वेळा घातलं, चारही वेळा लाल दिवा. मग हे शीळ घालत भांडी घासायला उठले. लग्नाला सतरा वर्षं झाली, ह्यांची शीळ मी पहिल्यांदा ऐकली. मला वाटलं, तुमचं कौतुक वाटून खुशीत आहेत. बिघाड हाच असेल का हो? हे तर हल्ली घुम्यासारखे बसून असतात, तुम्हीच विचारून पाहा.

जेवणाची आबाळ करू नका, आणि मला विसरू नका.
तुमची वहिनी

२४ एप्रिल

दादा,

वहिनींचं पत्र आलं. खोकं आलं तो रविवार म्हणजे दहा-बारा जानेवारीच्या सुमाराचा. तुझं पत्र बावीसचं.

मालकीणबाईंनी मला विचारलं की अनुभवी माणसाला दाखवलं होतं ना? मी काच उचलून तुझ्या ओळी काढून दिल्या.

मला फक्त एवढंच कळव, की वहिनी चुकताहेत.

बारकी

२ मे

चि. बारकीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तुझी वहिनी चुकलेली नाही.

लाल दिवा लागला तेव्हाच मला कळलं. वाकलेल्या कार्डाची पट्टी मध्येच हेडपासून केसभर उचलली जाते, तुझ्या स्प्रिंगला ती दाबून धरवत नाही. रोलर हे काम करायचा. आणि नर्सची गरज ज्यांना सगळ्यांत जास्त, त्यांचीच कार्डं सगळ्यांत जुनी. गादीखाली ठेवलेली, खिशात बसून मोडलेली. हे मी वीस वर्षांत शिकलोय, तुला शिकवलं नव्हतं.

कळवायला बसलोही होतो. दोन पानं लिहिली होती. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो अहवाल पुढे टाकला. घरी येऊन मी ती पानं फाडली. मनात म्हटलं, एकदा पडू दे हिला. एकदाच. मग मी जाईन, हात देईन, दोष काय ते दाखवीन, आणि पुन्हा दादा होईन. तुझं वाईट व्हावं असं वाटलं नव्हतं, असं लिहिणार होतो. पण वाटलं होतं. जळत होतो मी. तू लहान असताना दिव्याचं बटण मी दाबायचो आणि तू टाळ्या वाजवायचीस. तू स्वतः दिवा बनवशील याची तयारीच मी ठेवली नव्हती.

त्या म्हाताऱ्या बाईंचं मला ठाऊक नव्हतं, तुझं पत्र आल्यावर तुझ्या वहिनीनं सांगितलं. काल त्यांच्या घरावरून दोनदा गेलो, आत जाववलं नाही.

तुमच्या मालकीणबाईंना वेगळं पत्र टाकलंय. दोष मला दिसला होता आणि मी लपवला, असं स्पष्ट लिहिलंय. सोबत एक डबा पाठवतो. आमच्याकडे परत आलेली कार्डं मी वर्षानुवर्षं जपलीत, त्रेसष्ट आहेत. वाकलेली, चरे पडलेली, एक तर इस्त्रीखाली सापडलेलं. यांवर चालला तो रीडर कुठेही चालतो. हा डबा मी आजवर कुणाला दाखवलेला नाही.

माफी मागत नाही, कारण दिलीस तर घ्यायची कशी ते सुचत नाही.

दादा

१५ जुलै

दादास,

नमस्कार लिहिते आहे, सवयीनं.

महिनाभर तुझा डबा उघडला नाही. मग मालकीणबाईंनीच उघडून माझ्यापुढे ठेवला. तुझं पत्र वाचून त्या म्हणाल्या होत्या की अशा माणसाला दारात उभं करू नये, पण डबा ठेवून घ्यावा.

रोलर मी परत घातला नाही. फटीलाच किंचित बाक दिला. कार्ड जाताना आपसूक हेडवर चेपून बसतं, मग ते कसंही वाकलेलं असो. जाडी साडेनऊ झाली. तुझी त्रेसष्ट कार्डं घातली, अठ्ठावन्न वाचली. मग तुमच्या कंपनीचा चौदा मिलिमीटरचा रीडर विकत आणून त्यात घातली. चोपन्न. हे लिहिताना मला फार आनंद होतोय आणि तो मी लपवत नाही.

तू जळलास याचा मला इतका राग नाही आला. मीही जन्मभर तुझ्यावर जळले. घरात सगळं बिघडलेलं तुझ्याकडे यायचं, माझ्याकडे कुणी साधा टॉर्चही दिला नाही. राग याचा आला, की मी तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि त्या विश्वासाचा तू उपयोग केलास.

चार ऑगस्टला पुन्हा चाचणी आहे. तुमच्या गल्लीतल्या नर्सबाईंशी मी बोलले आहे. त्या दिवशी रजा काढून त्यांची पिशवी तू उचलायचीस आणि घरोघरी त्यांच्या मागून जायचंस. काय झालं ते खरं लिही. लोभाचं त्यानंतर बघू.

बारकी

५ ऑगस्ट

चि. बारकीस,

आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

काल अकरा घरं झाली. जिने मोजले नाहीत, गुडघ्यांनी मोजले. चिपची चार कार्डं, पट्टीची सात. अकराही वाचली. एक दुसऱ्या खेपेला वाचलं. खरं लिहायला सांगितलंस म्हणून लिहिलं.

नववं घर त्या शिवणकामवाल्या बाईंचं. खोलीत एक पलंग, एक मशीन आणि कापडाचे तुकडे. कार्ड त्यांनी उशीच्या अभ्र्यातून काढलं, एका कोपऱ्यात दाताचे ठसे होते. मी रीडर धरला, नर्सबाईंनी कार्ड सरकवलं. हिरवा दिवा. सुई झाली, त्या जेवायला बसल्या. मी दारातच उभा राहून त्यांना सांगितलं की मागच्या वेळी तुम्ही उपाशी राहिलात त्याला मी कारण आहे, मला दोष ठाऊक होता आणि मी बोललो नाही. त्या घास गिळून म्हणाल्या की पुन्हा असं करू नका. बास, एवढंच.

निघताना त्यांनी रीडर हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. अख्खं आयुष्य मशीनवर काढलेली बाई, तिचं बोट बरोबर त्या बाकावर थांबलं. म्हणाल्या की हे ज्यानं केलं त्याच्या हातात कसब आहे. मग विचारलं, तुम्हीच केलंत का?

बारके, तेव्हाही माझ्या पोटात दुखलं. अगदी तस्संच, जानेवारीसारखं. ते जाईल असं वाटलं होतं, गेलेलं नाही. आणि तसंच दुखत असताना मी म्हणालो की नाही, माझ्या धाकट्या बहिणीनं केलंय.

तुझा,
दादा