पोल्ट्रीतला अल्बम

३ डिसेंबर
तारा आधीच लावलेल्या! मी उंब्रजला लालासाहेबाच्या बंद पोल्ट्रीत पोचलो, अकरा म्हणजे अकराला, तर त्याची गिटार तयार, जयराजचा बेस तयार, हरिबा ड्रमवर बसून पाय हलवतोय. ‘रानगवा’ बँड सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. आधी चहा, मग समोरासमोर तारा जुळवायच्या आणि मी, गायकाने, मध्ये बसून शिव्या द्यायच्या — हा आमचा रिवाज.

“म्हटलं, तानाजी, तुजा येळ कशाला घालवायचा,” लाला म्हणाला. माझ्या वेळेची काळजी! स्वतःच्या लग्नात मुहूर्त चुकवणारा माणूस.

५ डिसेंबर
‘घाटातली हाक’ हे आमचं जुनं गाणं नव्या अल्बमसाठी पुन्हा घेतोय. शेवटची उंच ओळ — सहज लागली! चोपन्नाव्या वर्षी! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कौतुक कुणीच केलं नाही. जळतात.

९ डिसेंबर
काहीतरी शिजतंय. शेडच्या दारात चहाचे रिकामे कप, तळाशी साय वाळलेली. म्हणजे मला अकराची वेळ देऊन हे कधीचेच जमतात. आत शिरलो की बोलणं बंद.

शिवाय बेसची जाड तार सैल वाजत होती, भणभणत होती. जयराज म्हणे, “थंडी हाय ना.” डिसेंबरात थंडी काय यंदाच पडली?

१० डिसेंबर
पल्लवीला सांगितलं, हे मला काढणार. “आवं, काढायचंच असतं तर बोलावलं कशाला असतं?” बायकोला बँडमधलं काय कळतंय! ज्येष्ठमध चघळत झोपलो.

१४ डिसेंबर
नाव कळलं. शिवतेज! हरिबाचा भाचा. साताऱ्यात गातो, पंचविशीचा आहे. “वरच्या पट्टीत लय भारी गळा हाय त्येचा,” हरिबा बोलून गेला आणि लालाने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो ड्रमच्या मागे दिसेनासा झाला.

आता सगळं स्पष्ट आहे.

१७ डिसेंबर
आज तोंडावर विचारलं. “तो नवा गायक माझ्यासमोर आणा.”

लाला लाल झाला. “गड्या, तुला झालंय तरी काय?” आणि गिटार पुसत राहिला. नजर वर केली नाही. मी न गाता निघून आलो.

हायवेवर गाडी बाजूला घेऊन रडलो. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. हा आमचा शेवटचा अल्बम, आणि त्यात माझा आवाज नसला तर मी कोण? इस्लामपुरात पंपांचं दुकान चालवणारा एक म्हातारा.

२० डिसेंबर
लालाचा फोन. “उद्या ये. अकराला.” बरं. येतो. पण अकराला नाही!

२१ डिसेंबर
नऊला पोचलो. गाडी लांब उसाकडेला लावली. शेडच्या मागच्या खिडकीला आवाज अडवायला अंड्यांचे ट्रे ठोकलेत, त्यातला एक निखळलाय. तिथून पाहिलं.

शिवतेज नव्हता. तिघेच होते. लाला गिटारची एकेक तार सैल करत होता.

“पट्टी अजून उतरव जरा,” जयराज म्हणाला. “मागल्या येळंला शेवटाला गळा ताणत हुता त्यो.”

“माज्या भाच्याला तेवढी एक वळ म्हणू दिली असती तर...” हरिबा.

“त्येचं नाव काढू नगंस,” लाला म्हणाला. “ती वळ तानाजीच म्हणणार. आन् त्येला कळता कामा न्हाई.”

मी गाडीत येऊन बसलो. काचा वर केल्या. मोबाइलवर ‘घाटातली हाक’चं जुनं, मूळ पट्टीतलं रेकॉर्डिंग लावलं आणि त्याच्याबरोबर उंच ओळ म्हटली.

आवाज फाटला. पुन्हा म्हटली. पुन्हा फाटला.

घरी आलो. ताप आहे असं कळवलं.

२३ डिसेंबर
आज मुद्दाम अर्धा तास उशिरा गेलो. उंच ओळ एका दमात गेली. “बघा, हाय तसाच हाय आवाज!” मी म्हणालो.

“व्हय गड्या,” लाला म्हणाला.