आसरांच्या विहिरीचा कंदील

मी, राजेश्वरी तुकाराम घोरपडे, वय शहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार बोरमाळ, तालुका तासगाव, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाविना, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहिते. माझ्या हृदयाबद्दल मिरजेच्या डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं आहे. डोकं मात्र शाबूत आहे. शंका असेल त्याने समोर बसून चार प्रश्न विचारावेत.

१. राहतं घर व बँकेतील ठेव माझा भाचा विश्वजित सयाजी घोरपडे व त्याची पत्नी प्रांजल यांना समान मिळावी. पोरका झाल्यापासून विश्वजितला मी वाढवलं. तो माझा मुलगाच आहे.

२. पुस्तकांचं कपाट शाळेला द्यावं. तिथे मी फळ्यावर रोज एक प्रश्न लिहीत असे. विहिरीशेजारच्या, गाढव कोरलेल्या दगडाचाही लिहिला होता. तो देव नव्हे. दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याला जुन्या राजवटीत दगडावर कोरलेली ती शिवी आहे. आमच्या भावकीतल्या आप्पासोंनी त्याच दगडाला शेंदूर फासून पुढे दानपेटी ठेवली. त्यांना माझ्याकडून काही देऊ नये, तेराव्याचं जेवणसुद्धा.

३. विहीर एकट्या प्रांजलच्या नावे करते. विश्वजितला देत नाही, त्याचं कारण लिहिते.

पाण्यात सात आसरा राहतात असं आपल्याकडे मानतात. हा शब्द अप्सरांवरून आला. गाळ काढण्याआधी आमची आजी त्यांच्या नावाने टोपलीत दहीभात, हिरव्या बांगड्या आणि पेटता कंदील ठेवून टोपली दोराने तळापर्यंत सोडायची. कंदील विझला, तर आसरांनी वाट दिली नाही म्हणून कुणी उतरायचं नाही. माझा भाऊ सयाजी म्हणाला, "देव न्हाई तर दिवा कशाला?" आणि तसाच उतरला. त्याला काढायला आमच्या शेजारच्या जोतीरामचा थोरला भाऊ उतरला. दोघेही वर आले नाहीत.

आप्पासो म्हणतात, आसरांनी नेलं. छे! बंद विहिरीच्या तळाशी जड, वाईट हवा साचते. तिच्यात ज्योत तगत नाही आणि माणूसही तगत नाही. आजीला हवेचं ठाऊक नव्हतं, पण कंदील बरोबर होता.

आता विश्वजितने गाळ काढायला यारी, म्हणजे गाळाच्या बादल्या वर ओढणारं यंत्र, आणली आहे. उद्या आधी स्वतः उतरून विहिरीत काही नाही हे तो गावाला दाखवणार आहे. मी कंदिलाचं काढलं की हसतो. "आत्या, भुतं नसत्यात हे तूच शिकवलंस, आन आता तूच दिवा सोडाय सांगतीस व्हय?"

भुतं नसतातच रे. पण मला फार भीती वाटते. मी जिवंत आहे तोवर विहीर माझी आहे, म्हणून आज बजावते, कंदील सोडल्याशिवाय उतरू नकोस. आणि एक आत पडला तर दुसऱ्याने त्याच्यामागे उतरू नये.

हे वाचून दाखवलं तेव्हा जोतीराम म्हणाला, "थोरल्याचं लिवलंय ते ऱ्हाऊ द्या बाई. वाचंल कुनीतरी."

४. आजीचा कंदील विश्वजितला. दुसऱ्या कुणालाही नाही.

सही: राजेश्वरी तुकाराम घोरपडे

आमच्यासमक्ष सही केली:
१. अक्षता नागसेन कांबळे, परिचारिका
२. जोतीराम म

ठिकाण: बोरमाळ
दिनांक: १६ मे २०२५, सकाळी

ता. क. यारीचा आवाज आला. उद्याचं आजच काढलं त्याने. जोतीराम सही अर्धी टाकून विहिरीकडे पळाला. "कंदील ने रे!" म्हणून मी ओरडले, तोवर तो बांधापलीकडे गेला होता. अक्षता विश्वजितला फोन लावते आहे. वाजतोय, उचलत नाही. आता जोतीरामला लावते. तोही उचलत नाही.

कंदील इथेच खुंटीला आहे.