हातभर माया

ता. ४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तळ्याकाठी तंबू ठोकून तीन दिवस झाले. काठाची मोजणी दोन महिने तरी चालेल. तू विचारण्याआधीच सांगतो, ताप नाही. पण संध्याकाळी इतके डास येतात की तोंड उघडायची सोय नाही. मी गप्प बसतो, तेवढा तरी डासांचा उपयोग आहे असं आमचा स्वयंपाकी म्हणतो.

गेल्या वर्षी डासांनीच मला तापात पाडलं. तीन आठवडे तूच उशाशी होतीस. या वेळी निघतानाच साहेबांनी बजावलं आहे की पुन्हा आडवा झालो तर मोजणी बंद आणि कायमचं कचेरीतलं टेबल. ताई, मला खरंच भीती वाटते. नकाशांवर शिक्के मारत म्हातारं व्हायची माझी तयारी नाही.

कचेरीने दिलेली मच्छरदाणी आखूड आहे. पाय जाळीला टेकतात आणि डास बाहेरूनच जेवून जातात. एक शिवून पाठवशील का? लांबी साडेसहा फूट, रुंदी तीन, उंची चार, जाळी अगदी बारीक. नेहमीपेक्षा हातभर जास्त माया असू द्यावी.

तुझा,
लंबू


ता. ११ ऑगस्ट

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

धड छप्पर असलेलं घर सोडून माणूस कापडाखाली झोपायला जातो आणि वर डास चावतात म्हणून रडतो, याला काय म्हणावं. हौसेला मोल नसतं हेच खरं. टेबल मिळालं तर आकाश कोसळणार नाही. कचेरी माझ्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर आहे, मागची खोली रिकामी आहे, आणि दुपारी मी एकटीच जेवते.

मच्छरदाणी पाठवते आहे. तू लिहिलंस म्हणून खाली चारी बाजूंनी हातभर माया सोडली आहे. पस्तीस वर्षं शिवते आहे, शिवणीत दोन बोटं जादा कापड सोडलं की पुरतं. हातभर माया आजवर कुणी मागितली नव्हती. मोजणीवाल्यांची काही वेगळी रीत असेल म्हणून विचारलं नाही.

सोबत दोन सदरे, दोन विजारी. पूर्ण बाह्या, फिकट रंग, आणि मुद्दाम ढगळ, कारण घट्ट कपड्यातून डासाची सोंड सुईसारखी आत जाते. काळा सदरा तुला शोभतो, पण डासालाही तो चटकन दिसतो. गवतात शिरताना विजार मोज्यांत खोच. तिथे तुला बघायला बसलंय कोण? उघड्या अंगाला मलम लाव, घाम आला की पुन्हा लाव. अंघोळीच्या वेळी गुडघ्यांमागे गोचीड आहे का बघ. बादल्या झाकून ठेव.

वेळेवर जेव, वेळेवर लिही, माझा जीव टांगणीला लावू नकोस.

तुझी ताई


ता. २५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल उघडलं तर तंबूच्या आत दुसरा तंबू निघाला. अगं ताई, ती ओळ मापाची नव्हती, पत्राचा शेवट होता. सगळे ‘लोभ असावा’ लिहितात, म्हणून मी जरा वेगळं लिहायला गेलो आणि तू कात्री घेऊन बसलीस. स्वयंपाकी इतका हसला की भाजी करपली.

पण तुझ्या चुकीनेच वाचलो. जादा कापड गादीखाली चारी बाजूंनी खोचता येतं, त्यामुळे खालून शिरणारे डास बंद झाले. तंबूही काठापासून हलवून वर उघड्यावर, वाऱ्याच्या जागी नेला. मोज्यांत विजार खोचून हिंडतो म्हणून मला इथे कोंबडा म्हणतात.

परवा शेजारच्या तंबूतला एकजण तापाने परत गेला. तेव्हापासून रोज सकाळी उठलो की आधी स्वतःच्या कपाळाला हात लावतो.

माया आहेच, आता कापू नकोस.

तुझा,
लंबू


ता. ९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोजणी संपली. डॉक्टरांनी तपासून ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. साहेबांनी लगेच पुढचं काम दिलं, डोंगरापलीकडे, चार महिन्यांचं. पंधरा दिवसांनी निघायचं आहे. टेबल दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडेल. हे सगळं तुझ्यामुळे.

आशीर्वाद असू दे.

तुझा,
लंबू


ता. १५ ऑक्टोबर

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

आनंद झाला असं लिहायला बसले, पण पेन पुढे सरकेना. तुला चिडवायची सवय आहे मला, फसवायची नाही.

मच्छरदाणीचे तीन कोपरे शिवून झाले आणि चौथ्याशी मी मशीन थांबवलं. वाटलं, बोटभर जागा उघडी सोडावी. एखादा डास शिरेल, थोडा ताप येईल. जिवावर बेतण्याइतका नाही, टेबल मिळण्याइतका. मग तू मागच्या खोलीत राहशील, दुपारी समोर बसून जेवशील. चहा गार होईपर्यंत मी तशीच बसून होते. गेल्या वर्षी तापात तू मला आई म्हणून हाक मारली होतीस, ते आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. तो कोपरा मी तीनदा शिवला.

डोक्याकडचा डावा कोपरा आहे. टाके मजबूत आहेत, तरी निघण्याआधी एकदा हाताने चाचपून बघ.

रागावला असशील तर पत्रातून रागावू नकोस. इथे येऊन रागाव.

तुझी ताई