दोघंही कामावर जाणाऱ्यांसाठी

आई, आज तुझ्या पणतीला पहिल्यांदाच दिवसभरासाठी पाळणाघरात सोडून आलो. इथं सायकलीच्या पुढं लाकडी पेटी असते, त्यात पोरीला पट्टा लावून बसवली आणि माझी लेक निघाली पायडल मारत, मी मागनं चालत. पोरगी रडली नाही. उलट तिथल्या बाईच्या गळ्यातली माळच ओढून बसली. मला इतकं हसू आलं. आता घरात मी एकटी, हाताला काम नाही, म्हणून टेबलाशी बसून तुला लिहितेय. माझं अक्षर चौथीपर्यंतचं, आणि तुला तेही वाचता आलं नसतं, पण मी वाचून दाखवतेय असं समज.

हे लायडन गाव. पाणी गल्लोगल्ली, आणि पाण्यात बदकं मालकासारखी फिरतात. लेक इथं प्रयोगशाळेत औषधांवर काम करते, जावई रोज आम्स्टरडॅमला कंप्युटरच्या ऑफिसात जातो. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर नातीसाठी आले. आले त्याच आठवड्यात लेक जेवताना म्हणाली, "आई, रजा संपली की मी नोकरी सोडतेय. पाळणाघर इतकं महाग आहे की सगळा पगार तिथंच जाईल. आणि मला तसाही कंटाळा आलाय." एवढं बोलून तिनं वरण वाढून घेतलं. मी विचारलं, सरकार काही मदत करत नाही का? तर जावई म्हणाला, "करतं, पण ती गरिबांसाठी असते, आई. आपण कशाला घ्यायची? उद्या कायमचं राहायचा परवाना मागायला गेलो की म्हणतील, हे आमच्या जिवावर जगले." शिकलेला माणूस, त्याला मी काय सांगणार. पण लेकीच्या तोंडाकडं मी बघत राहिले.

नातीला मांडीवर थोपटताना मला तुझी मागाची शेड आठवायची. मी नऊ वर्षांची आहे. तू चाकाशी बसून सुताच्या कांड्या भरतेयस, केसांत कापसाची भुरी. धाकटा भाऊ माझ्या कडेवर. दुपारी त्याला पाजायला मी तुझ्याकडं घेऊन येते, तू एका हातानं त्याला धरतेस आणि दुसऱ्या हातानं तुटलेलं सूत जोडतेस. मुकादम म्हणतो, "बाई, घरच हितं आणलंस काय?" तू हसत नाहीस. एकदा मी धाकट्याला शाळेच्या व्हरांड्यात बसवलं आणि खिडकीतून आत काय शिकवतायत ते ऐकत उभी राहिले. तो पायरीवरून गडगडला, कपाळाला हे एवढं टेंगूळ. तू मला बदडलंस. मग त्याच्या टेंगळावर हळद लावता लावता तूच रडायला लागलीस आणि म्हणालीस, "मी तरी काय करू? पोराकडं कोण बघायचं?" तेव्हा मला तुझा राग आला होता. आता येत नाही. तुला उत्तर द्यायला कुणी नव्हतंच.

तर बागेत एक बाई भेटते मला, माझ्याच वयाची, नातवाला घेऊन येते. तिच्या पणज्याला बिहारकडून सुरीनामला उसाच्या मळ्यात नेलेलं, ती तिथनं इथं आली. तिची हिंदी मला अर्धी कळते, माझी तिला अर्धी, भागतं. तिला मी घरातलं सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, जावई शिकलेला आहे ना तुझा? अगं, दोघंही कामावर जातात त्यांनाच देतात ती मदत, एक घरी बसला की बंद. शिवाय वर्षाचा कर भरताना, घरात लहान मूल असलं की दोघांत ज्याचा पगार कमी त्याचा करही थोडा कमी करतात. माझ्या सुनेला मिळतं, ती बँकेत मोठी साहेब आहे.

संध्याकाळी मी म्हटलं, "जावईबापू, बागेतली बाई असं म्हणते." तो म्हणाला, "आई, बागेत टॅक्सचे सल्ले मिळतात?"

"मिळतात. फुकट."

लेक हसली, किती दिवसांनी. दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसातून दोन-तीन ठिकाणी फोन केले. घरी आला आणि बूट काढता काढताच म्हणाला, "तुमची बाई बरोबर आहे. परवान्यालाही धक्का नाही. मी तो अर्ज आजवर उघडून बघितलाच नव्हता." आणि कान पकडले. लिहून ठेवलेला राजीनामा लेकीनं त्याच्यासमोर फोनमधून पुसला. मग मी कणीक मळत होते तिथं येऊन उभी राहिली. म्हणाली, "कंटाळा बिंटाळा काही नव्हता गं, आई."

मी म्हटलं, ठाऊक होतं मला.

कसं ठाऊक होतं ते तिला सांगितलं नाही. तुला सांगते, आणि ती घरी यायच्या आत हा कागद फाडून टाकते. मला शाळेतून काढायच्या आदल्या दिवशी तू विचारलं होतंस, "जीव रमतो का गं तुझा शाळंत?" मी म्हटलं, "नाही, कंटाळा येतो." तुझा चेहरा किती मोकळा झाला होता. आई, मी खोटं बोलले होते.